नेमकं काय टिकवायचं?

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

जग एवढं बदललंय, त्यात विश्वास टिकवायचा कसा, हा तुमचा प्रश्न. मला वाटतं, त्याआधी टिकवायचं काय ते ठरवावं. कपडे, गाण्याची चाल, उपासनेची वेळ आणि प्रभूची आज्ञा, सगळं एकाच गाठोड्यात बांधलं की पोरं अख्खं गाठोडंच टाकून देतात. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात येशूने परुश्यांना, म्हणजे रीती काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, हेच सुनावलं. 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून ते आईबापांची मदत टाळायचे, आणि वर ती धर्माची रीत! जुनी रीत पवित्र असतेच असं नाही.

दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा सावकाश वाचा. बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदी म्हणून नेलेला तो तिथल्या खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकला, बेल्टशस्सर हे परकं नावही त्याने चालवून घेतलं. अडला फक्त राजाच्या अन्नावर आणि द्राक्षारसावर. तो कसा अडला, ते मला जास्त मोलाचं वाटतं. निश्चय आधी मनात केला, मग परवानगी मागितली. वरचा अधिकारी राजाला भ्यायला, तेव्हा तो देखरेख करणाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस शाकान्न आणि पाणी देऊन पाहा. टोमणा नाही, तमाशा नाही. पार्टीत दारूचा पेला पुढे आला तरी हीच रीत चालते: निर्णय आदल्या दिवशीच घ्यायचा आणि तिथे 'मी घेत नाही' एवढंच म्हणायचं. भाषण सुरू केलं की लोक वचन विसरतात, आपला तोरा लक्षात ठेवतात.

काय चालेल, काय नाही याची नुसती यादी करूनही भागत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय 10) प्रेषित पौल म्हणतो, बाजारातलं मांस चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. मांस तेच, उत्तरं दोन.

आता घरची उपासना. 15 मिनिटं पुरेत: एक गीत, बायबलच्या 10-12 ओव्या (वचनं), त्यावर एखादा प्रश्न, छोटी प्रार्थना. वाचन रोज वेगळ्याने करावं, धाकट्याने अडखळत वाचलं तरी. पाऊण तास लांबली की ती महिनाभरही टिकत नाही. दुसरी खोट म्हणजे प्रार्थनेतून कानउघाडणी. 'प्रभू, ह्याला मोबाईल ठेवायची बुद्धी दे' ही प्रार्थना प्रभूला नसून नातवाला असते, आणि ते त्याला बरोब्बर कळतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, तिथूनच पुढे चला.

मुलांनी अवघड प्रश्न विचारला तर 'असं विचारू नये' म्हणू नका. बिरुया गावातले लोक तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासून पाहायचे, आणि 'प्रेषितांची कृत्ये' लिहिणाऱ्या लूकने त्याबद्दल त्यांची वाखाणणीच केली आहे. 'ठाऊक नाही, बघून सांगतो' म्हणा आणि आठवड्याच्या आत खरंच सांगा. आठवडा उलटला की पोरं पुन्हा विचारत नाहीत.

सुरुवात मार्कापासून करा. 16 अध्याय आहेत, या वेगाने दोन महिन्यांत होतील. लेवीय हे नियमांचं पुस्तक मात्र इतक्यात काढू नका.

तुमची लेक