नोकरी गेल्यावर आधी मुदत पाहा

संपादक महोदय,

कामावरून काढलेल्या कामगाराला ‘कोर्टात जा’ हा सल्ला सगळेच देतात, मुदतीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षांची मुदत होती. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती दोनच वर्षांची आहे. आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार-मालक वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे (अशा वादांच्या न्यायालयाकडे) जाता येते.

कामगार कपातीत नोकरी गेल्यास भरपाई नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी मिळते. सहा महिन्यांहून जास्त झालेले अपुरे वर्ष पूर्ण धरतात. म्हणजे सहा वर्षे सात महिन्यांच्या नोकरीला १०५ दिवसांचे वेतन. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार. ग्रॅच्युइटी यात धरलेली नसते, हे हिशेब करताना हमखास विसरले जाते.

दावे ढासळतात ते बहुधा पुराव्यावर. वर्षभराची सलग नोकरी धरली जावी, यासाठी बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे कामगारालाच दाखवावे लागते. हजेरीपत्रक मालकाकडे असते, म्हणून बँकेचा उतारा, भविष्यनिर्वाह निधीचे विवरण आणि ओळखपत्राची प्रत आधीच जपलेली बरी. ‘राजीनामा लिहून द्या, मग हिशेब करू’ असे म्हटल्यावर सही केली, की बडतर्फी सिद्ध करणे फार अवघड.

मागील वेतन, म्हणजे काढून टाकल्यापासूनच्या काळाचा पगार, हवा असेल, तर दरम्यान दुसरीकडे तितक्या पगाराची नोकरी नव्हती, असे अर्जात स्पष्ट लिहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्यानंतर उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. अनेक अर्जांत नेमके हेच वाक्य नसते.

— एक वाचक