चोवीस तासांचा पाऊस गटाराच्या काय कामाचा?

महोदय,

नौपाड्यात पाणी साचल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. फोटो आमच्याच गल्लीचा आहे. मी त्यात नाही, कारण मी तेव्हा तांदळाची कोठी पलंगावर चढवत होतो. 'दिवसभरात 110 मिमी पाऊस झाला, त्यात भरती' हे कारण अधिकाऱ्यांनी दिलं आणि आपण ते जसंच्या तसं छापलंत. भरतीची वेळ आपल्याच अंकात पान दोनवर आहे, सकाळी अकरा. आमच्या उंबरठ्यावरून पाणी आत आलं संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे ऐन ओहोटीला. निदान पान दोन तरी वाचत जा, ही नम्र विनंती.

पण माझं भांडण त्या 110 शी आहे. गटाराला दिवसभराचा पाऊस कळत नाही. गल्लीच्या पार टोकाला पडलेला थेंब गटाराच्या तोंडाशी यायला जेवढी मिनिटं लागतात, तेवढ्या मिनिटांतला पाऊसच त्याला कळतो. आमच्या गल्लीत ही फार तर पंधरा मिनिटं. 110 मिमी दिवसभर रिपरिपत पडला तर मांजरसुद्धा भिजायला कंटाळेल. तोच तासाभरात कोसळला तर कोठी पलंगावर.

त्या दिवशी मी पोह्यांचा जुना पत्र्याचा डबा अंगणात ठेवला होता, सरळ बाजूंचा, आणि आत नातवाची पट्टी उभी केली होती. पाच ते पाच वीस, वीस मिनिटांत तीन सेंटिमीटर. म्हणजे ताशी 90 मिमी. (पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, तो फरक मी धरला आहे. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो.) आपल्या बातमीदाराला हा आकडा कुठे मिळाला नसेल, तर डबा आमच्याकडे आहे.

आता हिशोब. पाऊस मिमीत ताशी, क्षेत्र हेक्टरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला रनऑफच्या गुणांकाने गुणा, वर दहाने गुणा. तासाला किती घनमीटर पाणी येणार ते निघालं. गुणांक म्हणजे पडलेल्या पाण्यातला कितवा हिस्सा जमिनीत न मुरता वाहून येतो तो. मातीच्या अंगणाला तो कमी असतो, काँक्रीटला 0.9 च्या आसपास. मुंबईचे जुने नाले ताशी 25 मिमी पाऊस आणि 0.5 गुणांक धरून बांधलेले, तेही ओहोटी असेल तर. आमचं गटार त्याच पिढीतलं. त्यावर येणारी जागा एक हेक्टर धरली तर जुन्या हिशोबाने तासाला 125 घनमीटर. परवाच्या पावसाने, आजच्या काँक्रीटवरून, 810. गटार तेवढंच, पाणी जवळजवळ साडेसहा पट.

इथे एक कबुली देतो. आमच्या अंगणात पूर्वी माती होती, दोन माड होते, विहिरीभोवती अळू होतं. सोसायटीच्या सभेत पेव्हर ब्लॉकला हात वर करणाऱ्यांत मीही होतो, चिखलाला कंटाळून. पण समोरचा रस्ता काँक्रीटचा करताना चांगलाच वर उचलला, तेव्हा मला कोणी हात वर करायला सांगितलं नव्हतं. पूर्वी रस्त्यावरून आमच्याकडे दोन पायऱ्या चढून यायचे. आता एक उतरून येतात. पाणीही तसंच येतं.

एप्रिलमध्ये गुणांकाचा हा कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. तरुण इंजिनीअर फार अदबीने बोलले. "काका, नालेसफाई शंभर टक्के झालीय." मी म्हटलं, साहेब, नाला साफ आहे का हे मी विचारतच नाही, तो पुरतो का हे विचारतोय. त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता.

सरासरीवर ज्यांचा एवढा विश्वास आहे त्यांनी 26 जुलै 2005 चा आकडा घ्यावा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी. चोवीसने भागा, ताशी 39 येतात. मुंबईचे नाले ताशी 50 मिमीचे करा, असं ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेचा, अहवाल 1993 पासून सांगत होता. ते काम वेळेत झालं असतं, तर या सरासरीच्या हिशोबाने त्या दिवशी मिठी नदीकाठी घोटाही भिजायला नको होता. त्या दुपारी जे घराबाहेर होते त्यांना विचारा.

तेव्हा यापुढे पावसाची बातमी देताना दर तासाचा आकडा द्यावा, पंधरा मिनिटांचा मिळाला तर फारच उत्तम.

आणखी एक. हे पत्र छापलंत तर कृपया दशांश चिन्हं गाळू नयेत. मार्चमधल्या माझ्या पत्रात 0.9 चं 9 झालं होतं. आभाळातून पडलं त्याच्या नऊपट पाणी आमच्या अंगणातून वाहतं, असं मी लिहिल्याचा समज होऊन तळमजल्यावरचे शेजारी अजून माझ्याकडे बघून हसतात.

आपला,
एक तळमजलेकर, नौपाडा, ठाणे