पूमालाच्या वाटेवर

चि. सई हीस,
अनेक आशीर्वाद.

फिनलंडमधल्या पूमालाला राहायचं ठरलंय, तर रस्त्यांचा नकाशा नंतर बघ, आधी पाण्याचा बघ. वस्ती जेमतेम दोन हजारांची, पण साइमा सरोवराने जमिनीचे इतके तुकडे केलेत की किनारा 3,000 किलोमीटरच्या आसपास भरतो. उन्हाळी घरं कायमच्या रहिवाशांपेक्षा जास्त, त्यामुळे जुलैत गजबज आणि नोव्हेंबरात शुकशुकाट. त्या शुकशुकाटाला घाबरू नकोस. मिक्केली आणि इमात्रा, ही दोन्ही शहरं 62 नंबरच्या रस्त्याने साधारण तासाभरावर.

गावाच्या मधोमध पूमालान्साल्मी आहे. साल्मी म्हणजे दोन जमिनींमधली पाण्याची चिंचोळी वाट. 1995 पासून तिच्यावर उंच पूल आहे आणि बंदरावरून लिफ्टने थेट पुलावर जाता येतं. उत्तरेकडचं पाणी इथून दक्षिणेला सरकतं आणि पुढे इमात्राजवळ वुओक्सी नदीने बाहेर पडतं. हिवाळ्यात सरोवर गोठलं तरी वाहतं पाणी बर्फाला खालून खात राहतं. म्हणून उपसागरात बर्फ चांगला जाड असताना पुलाखाली तो पातळ असू शकतो, किंवा मुळीच नसेल. साल्मी, भूशिराची टोकं, ओढ्यांची मुखं, लव्हाळ्यांची बेटं आणि धक्क्यांच्या कडा, एवढ्या जागा हिवाळाभर संशयाच्याच.

पायी जायला निदान 5 सेंटिमीटर बर्फ हवा, तोही काळपट, काचेसारखा पारदर्शक. त्याला तिथे तेरास्याआ, म्हणजे पोलादी बर्फ म्हणतात. वर आकाशातून भुसभुशीत बर्फ पडून, भिजून गोठलेला पांढरा थर म्हणजे कोहवा. तो दिसायला भक्कम, पण साधारण निम्म्याच ताकदीचा, म्हणून 10 सेंटिमीटर कोहवा 5 सेंटिमीटर काळ्याइतकाच धर. मोजताना एकाच भोकावर विसंबू नकोस. लोखंडी टोकाची काठी घे आणि थोड्या थोड्या पावलांवर पुढचा बर्फ ठोकून बघत जा. बर्फावर ताजा बर्फ पडलेला असेल तर जास्त सांभाळ: तो पांघरुणासारखा काम करतो, खालचा थर जाड होऊ देत नाही. एप्रिलचा बर्फ तर वेगळाच. उन्हाने त्याचे उभे सुळके सुटे होतात, त्यामुळे जाडी 30 सेंटिमीटर असली तरी तो पायाखाली सुटतो.

गळ्यात नास्कालित हवेच. दोरीने जोडलेले दोन लोखंडी टोचे असतात, जॅकेटच्या बाहेर, हाताला लागतील असे. पाण्यात पडलीस तर आल्या वाटेकडेच वळ, कारण तिथला बर्फ तुला पेलत होता. टोचे कडेवर रोव, पाय मागे जोरात मार, आडवी होऊन अंग वर ओढ. बाहेर आल्यावर लगेच उभी राहू नकोस, लोळत दूर जा. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठपिशवीत ठेव, पिशवी पाण्यात तरंगायलाही मदत करते. फोनही तसाच ठेव, आणि त्यात 112 सुओमी हे आणीबाणीच्या मदतीचं अ‍ॅप आजच टाक. त्यातून फोन केलास की तुझं ठिकाण आपोआप कळतं. बेटांमध्ये पत्ता सांगता येत नाही.

बर्फावरून बेटांच्या किनाऱ्याला लागून चालू नकोस. साइमाची सील, म्हणजे नोर्प्पा, याच सरोवरात राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ती बेटाच्या कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात बीळ करते आणि फेब्रुवारी-मार्चात पिल्लं होतात. पिल्लं मासेमारीच्या जाळ्यात अडकून मरतात, म्हणून तिच्या भागात 15 एप्रिल ते 30 जून जाळी टाकायला बंदी असते. तुझ्या हौसेला त्याची अडचण नाही. बर्फाला भोक पाडून साध्या गळाने मासे धरायला परवाना लागत नाही. जाळं टाकायचं तर पाण्याच्या मालकाची परवानगी लागते.

मुइक्कू, म्हणजे तिथले छोटे मासे, मिळाले तर पोट साफ करून मिठासकट राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळव आणि बऱ्याच लोण्यात तळ. तवा गच्च भरलास तर ते तळण्याऐवजी शिजतात आणि मऊ पडतात. काट्यांसकट खातात, आपल्या मांदेलीसारखे.

आणि संध्याकाळी किंवा पहाटे गाडी चालवताना वेग कमी ठेव. हिर्वी, म्हणजे मूस हे उंच पायांचं जनावर, रस्त्यात येतं. धडक बसली तर त्याचं अंग थेट काचेवर येतं. एक रस्ता ओलांडून गेला की मागून दुसरा येतोय का ते बघ.

नास्कालित आणि लोखंडी काठी पार्सलने पाठवतोय. टोच्यांची दोरी तुझ्या जाड जॅकेटवर घालून मापून बघ, आखूड वाटली तर कळव.

तुझा,
बाबा