डेन्व्हरचा बर्फ आणि तुझ्या मागच्या खोलीची ओल

गिरगाव, मुंबई
२७ सप्टेंबर २०२०

प्रिय मिल्या,

व्हॉट्सॅपवर तुला उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील. पण ‘सप्टेंबरातच बर्फ, हे असं होतच असतं का रे?’ या प्रश्नाला काय नुसता अंगठा दाखवायचा? म्हटलं, सवडीने लिहू. आता सवडच सवड आहे. अधिक महिना चालू आहे, पण जावयाला वाण द्यायला बोलावायची सोय नाही. लोकल फक्त अत्यावश्यकवाल्यांना. ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत जाऊन भाजी आणली की दिवसाचा प्रवास संपला. तू तर मुलाकडे अमेरिकेत डेन्व्हरला तीन महिन्यांसाठी म्हणून गेलास आणि विमानंच बंद झाली.

फोटोतले टोमॅटो पाहून हळहळलो. लाल झालेले, देठाला लटकलेले आणि वर बर्फ. त्यातून तू लिहितोस की आदल्या दिवशी दुपारी बनियनवर बसला होतास. मी मुद्दाम आकडे पाहिले. ५ तारखेला तुमच्याकडे पारा ३८ अंशांच्या वर गेला. डेन्व्हरच्या नोंदी १८७२ पासूनच्या आहेत, आणि सप्टेंबरात एवढी उष्णता त्यांत कधीच नाही. सोमवारी ३४ अंश, वर कॅमरॉन पीकच्या वणव्याचा धूर. आणि मंगळवारी ८ तारखेला बर्फ. विमानतळावरची नोंद जेमतेम एक इंचाची आहे. बर्फाचं प्रमाण म्हणून काहीच नाही ते. ऑक्टोबरच्या मध्यावर पडला असता तर तू फोटोही पाठवला नसतास.

तुझे शेजारी म्हणतात, १९६१ साली तर ३ सप्टेंबरलाच पडला होता, त्यात काय एवढं. त्यांचं बरोबर आहे, तो विक्रम अजून उभा आहे. सूनबाई म्हणते जगबुडी जवळ आली. तिची भीती मला कळते. पण या दोन उत्तरांनी तुझा प्रश्न सुटत नाही. ‘पूर्वी कधी झालं होतं का’ हे एक, आणि ‘आता किती वेळा होतंय’ हे दुसरं. पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं, आणि म्हणूनच ते फारसं कामाचं नसतं. माझी सगळी नोकरी दुसऱ्यावर गेली.

आमच्या विम्याच्या धंद्यात ‘शंभर वर्षांतला पूर’ असं सर्रास म्हणत. गिऱ्हाइकाला वाटायचं, २००५ ला येऊन गेला, आता २१०५ पर्यंत गोदामात तळाच्या रॅकवर माल ठेवायला हरकत नाही. किती जणांना समजावलं असेल मी! त्याचा अर्थ इतकाच की दरवर्षी शंभरात एक शक्यता. पुढच्या वर्षीही तीच, त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. तीस वर्षं गोदाम चालवलंस तर तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता चारात एकापेक्षा थोडी जास्तच भरते. हा हिशेबही कधी खरा? तर मागच्या शंभर वर्षांत हवामान जसं वागलं तसंच ते पुढेही वागेल असं धरलं तर. ते धरता येईनासं झालंय, माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. तुझ्या शेजाऱ्यांचं १९६१ त्या मागच्या हिशेबातलं आहे.

२००५ ची २६ जुलै तू विसरणार नाहीस. तू कलिन्याला छातीएवढ्या पाण्यात, आणि मी फोर्टात खिडकीशी उभा राहून चहा पीत होतो. तू दुसऱ्या दिवशी मला ‘तुम्हाला कळलंच नाही?’ म्हणून जे झापलंस! पण खरंच कळलं नव्हतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३-७४. एकाच शहरात. आपली जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली, नंतरच्या योजनेत तो आकडा ५० केला. त्यांच्यापुढे तो दिवस म्हणजे काय होता ते तूच बघ.

आता बर्फाकडे येतो. मला जे वाचून खरं आश्चर्य वाटलं ते हे की लवकर आलेल्या बर्फाचं नुकसान तो किती पडला यापेक्षा कोणत्या तारखेला पडला यावर जास्त ठरतं. जानेवारीत तिकडची झाडं निष्पर्ण असतात, बर्फ फांद्यांमधून निसटून खाली जातो. ऑक्टोबरात अंगावर पानं असतात. प्रत्येक पान बर्फ धरून ठेवतं, आणि गोठणबिंदूच्या आसपासचा तो बर्फ ओला, जड असतो. मग फांद्या मोडतात, त्या विजेच्या तारांवर पडतात, आणि गाव अंधारात. अमेरिकेतल्या बफेलो शहरात २००६ च्या ऑक्टोबरात असंच झालं. जवळपास दोन फूट बर्फ आणि सुमारे चार लाख ग्राहकांची वीज गेलेली. २०११ साली ऑक्टोबरच्या शेवटी ईशान्य अमेरिकेत तीस लाखांवर ग्राहक अंधारात होते, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ऑक्टोबरातल्या बर्फाचा विक्रम झाला. तोही तीन इंचसुद्धा नाही!

साउथ डाकोटात २०१३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला जे झालं ते वाचून मात्र जेवण गेलं नाही मला. गुरं अजून उन्हाळी कुरणांवर उघड्यावर होती, हिवाळ्याची दाट लव अंगावर आली नव्हती. आधी पाऊस पडून ती चिंब झाली आणि मग त्यावर हिमवादळ. हजारोंनी मेली. तीच गुरं दोन महिन्यांनी त्याहून कडक थंडीत निवांत उभी राहिली असती.

आपल्याकडचंही उदाहरण ताजं आहे. गेल्या वर्षी ७ नोव्हेंबरला काश्मीरात बर्फ पडला तेव्हा सफरचंदाच्या झाडांवर पानं होती, काही बागांत फळंही. झाडं मधोमध चिरली. सफरचंदाचं नवं झाड लावून हाताशी यायला वर्षं जातात. आदल्या वर्षीही नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बर्फ आला होता. ओळीने दोन वर्षं. शोपियानच्या बागवाल्याला ‘पूर्वीही झालं होतं’ सांगून त्याचा काय फायदा?

बरं, आता तुझ्या घराचं. फोनवर वहिनी शेजारी होत्या म्हणून नीट सांगितलं नाही. ५ ऑगस्टला इकडे जे झालं ते २६ जुलैच्या उलट होतं, या वेळी आपली दक्षिण मुंबई सापडली. चक्रीवादळ नव्हतं, नुसता पावसाळी दिवस, आणि कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०७ किलोमीटर. चोवीस तासांत ३३१ मिलिमीटर पाऊस. ऑगस्टमधला एवढा पाऊस कुलाब्याने चाळीसहून जास्त वर्षांत पाहिला नव्हता. पेडर रोडला टेकडीची भिंत झाडांसकट रस्त्यावर आली. आपल्या वाडीतलं बदामाचं झाड आडवं झालं, त्याची फांदी तुझ्या मागच्या खोलीच्या खिडकीवर. वरची काच गेली.

मी किल्ली घेऊन वर गेलो तर पश्चिमेची भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळपट. हात लावला तसा पोपडाच सुटून आला, आत विटा दिसतात. कपाटामागे बुरशी. दिवाळी अंकांचा तुझा गठ्ठा जमिनीवर होता, त्यातले खालचे अंक फुगून एकमेकांना घट्ट चिकटलेत. वेगळे करायला गेलो तर एकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर उलटा उमटलेला. वरचे वाचवलेत, आमच्या माळ्यावर आहेत. वहिनींना सांग, कपाटातल्या साड्या सगळ्या कोरड्या आहेत, बायकोने एकेक उघडून पाहिल्या. खिडकीला तात्पुरती ताडपत्री मारली आहे.

त्याआधी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. मुंबई वाचली, अलिबागच्या खाली श्रीवर्धन-मुरूडकडे गेलं. तिथल्या सुपाऱ्या, नारळ मुळापासून गेले. आमच्या आत्याकडच्या वाडीत आता आकाश दिसतं, एवढंच ती फोनवर म्हणते. आणि परवा २२-२३ च्या रात्री पुन्हा सांताक्रूझला २८६ मिलिमीटर. सप्टेंबर संपत आला असताना.

हवामान खात्याने यंदा एप्रिलमध्ये एक गोष्ट केली, करोनाच्या गडबडीत तिच्याकडे फार कुणी पाहिलं नाही. पावसाच्या येण्याजाण्याच्या सरासरी तारखाच बदलल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवरून काढलेल्या होत्या. मुंबईत पाऊस यायची तारीख दहा जूनची अकरा झाली, त्यात विशेष नाही. पण परतायची तारीख २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे पूर्वी जो पाऊस ‘लांबला’ म्हणायचो तो आता वेळेवरचा. अर्थात सरासरी पाळणारं वर्ष मी तरी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी पाऊस २५ जूनला आला, यंदा १४ ला. थंडीचंही तेच, यंदा जानेवारीत सांताक्रूझला ११.४ अंश झालं तर लोक कानटोप्या घालून फिरत होते, आणि १९६२ च्या जानेवारीत ते ७.४ पर्यंत उतरलं होतं. माझी आई नक्षत्रांवर विश्वास ठेवायची. तिच्या हिशेबाने आता हस्त, हत्तीचा पाऊस. पण यंदा अधिक आश्विनामुळे हस्त नवरात्राआधीच उरकणार, भोंडल्याला हत्ती नुसता पाटावर! पंचांगवाल्यांनी निदान चुकलेला मेळ बसवायची सोय तरी करून ठेवली आहे.

तू विचारशील, गरम होतंय म्हणता मग बर्फ कसा? अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०१५ साली जेम्स इनहॉफ नावाच्या सदस्याने हेच विचारायला बर्फाचा गोळा आणून फेकला होता. फेब्रुवारीत वॉशिंग्टनला बर्फ सापडला, केवढा पुरावा! हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. ती वाफ उतरते तेव्हा एकदम उतरते, आणि उतरताना वरची हवा पुरेशी गार असेल तर बर्फ म्हणून उतरते. बफेलोला शेजारच्या मोठ्या तळ्याचं पाणी उबदार आणि वरून थंड वारा, एवढी सामग्री पुरते. तळं गोठलं की हा कारखाना थंडावतो, म्हणून हिवाळा उशिरा गोठवू लागला तर काही काळ बर्फ वाढूही शकतो. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० पासून मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मोसमाचा एकूण पाऊस वाढलेला नसताना! मला हे सगळ्यात पटतं, कारण आमचे क्लेमही तसेच येत. वर्षभर काही नाही, मग एका रात्रीत तीन पेट्या भरून कागद.

तुमचा मंगळवारचा बर्फ मात्र मी या तापत्या हवेच्या खात्यात सरळ टाकणार नाही. उत्तरेकडची थंड हवा एवढी खाली का घसरली याचं तात्कालिक कारण सांगतात ते असं की पश्चिम पॅसिफिकमधल्या चक्रीवादळांनी वरच्या जेट प्रवाहाला, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला, हिसका दिला. ध्रुव तापल्यामुळे तो प्रवाहच आताशा जास्त नागमोडी झालाय का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण ५ तारखेचे ३८ अंश? ते त्या खात्यात टाकायला मला काही अडचण वाटत नाही. तुझं लक्ष बर्फाने वेधलं, कारण बर्फाचा फोटो काढता येतो. उकाड्याचा कसा काढणार?

आणि दूरचं म्हणून सोडून देऊ नकोस. २०१४ साली हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं, आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळात अन्नपूर्णेच्या वाटेवर ऐन ट्रेकिंगच्या मोसमात हिमवादळ आणलं. चाळीसच्या वर माणसं गेली. किनाऱ्यावर जे पाऊस होतं ते वर डोंगरात बर्फ.

तर, उत्तर: एखादा असा दिवस पूर्वीही येत होता, यापुढेही येईल, त्याला घाबरू नकोस. पण एका उन्हाळ्यात विक्रमी उष्मा, वणवा, बर्फ, आणि इकडे त्याच मोसमात निसर्ग, ५ ऑगस्ट, परवाची रात्र, अशी रांग लागते तेव्हा मी जुन्या दराने पॉलिसी लिहिली नसती. शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या घराच्या पॉलिसीत फांद्या पडून होणारं नुकसान आहे का तेही विचार. तुझ्या मुलालाही बघायला सांग.

आता कामाचं. वॉटरप्रूफिंगवाला भिंत बघून गेला. तो म्हणतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करतो, पाऊस गेलेलाच असतो. मी त्याला म्हटलं, गेल्या वर्षी दिवाळीतही पाऊस होता ते आठव. बाहेरून भिंत पूर्ण सुकल्याशिवाय हात लावू नकोस. दिवाळी यंदा १४ नोव्हेंबरला आहे, त्यानंतर परांची बांधू. सोसायटी बाहेरच्या बाजूचा निम्मा खर्च देईल असं सेक्रेटरी तोंडी बोलले आहेत, लेखी मी घेतो. आतलं प्लास्टर, रंग आणि काच तुझ्याकडे. काचेचं मात्र थांबण्यात अर्थ नाही, ती या आठवड्यातच बसवून घेतो. पुसट हवी की साधी, ते वहिनींना विचारून कळव.

तुझा,
दिल्या