चिठ्ठीवर अपघाताची वेळ लिहा

महोदय,

जखमींचा रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिड या स्वस्त औषधाची ‘क्रॅश-२’ ही चाचणी भारतासह ४० देशांतील २०,२११ रुग्णांवर झाली आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. मात्र दुखापतीला तीन तास उलटल्यावर औषध दिल्यास रक्तस्रावाने मृत्यू होण्याचा धोका उलट वाढलेला आढळला. गेल्या पावसाळ्यात घाटात दुचाकी घसरून माझा भाऊ जखमी झाला, तेव्हा पहिल्या दवाखान्याने ओल्या पट्टीवर दुसरी पट्टी बांधून त्याला पुढे पाठवले. पुढच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा अपघाताची वेळ विचारली आणि नेमकी तीच पहिल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर नव्हती. आरोग्य विभागाने ही नोंद सक्तीची करावी.

— एक वाचक, सातारा