डॉल्फिनच्या मागं बोट पळवायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत निम्मं कोल्हापूर मालवण-तारकर्लीत असतं. आता नाताळला पुन्हा तीच गर्दी होईल. राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, दुपारी माशांचं जेवण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवबागहून डॉल्फिन बघायची बोट, हे आता ठरूनच गेलंय. मला त्या बोटीबद्दल लिहायचं आहे.

यंदा आम्हीही गेलो होतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून बाहेर पडून बोट निवतीच्या बाजूला गेली. लहान फायबरची बोट, मागं आउटबोर्ड इंजिन. बोटवाले मूळचे मच्छीमार. खडकांच्या अलीकडं त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "जरा थांबा हां, ते आपसूक येतले." बराच वेळ नुसतं पाणी. मग डाव्या अंगाला फुस्स असा श्वास ऐकू आला. करडी पाठ, पाठीवर उंचवटा, त्या उंचवट्यावर छोटासा पर. तिला चिकटून पिल्लू. ते आईपेक्षा जास्त वेळा वर येत होतं आणि दर वेळी आधी तोंडाची चोच बाहेर काढत होतं. बोटीत कुणी बोलत नव्हतं. माझ्या आईनं तर हात जोडले.

तेवढ्यात आणखी तीन बोटी आल्या. एकीतून हाक ऐकू आली, "मामा, आणि जवळ घ्या की!" बोली आपलीच. ती बोट थेट त्यांच्या पुढ्यातून आडवी गेली, दुसरी मागून आली. मायलेकरं बुडाली ती पार लांब वर आली, तर सगळ्या बोटी तिकडं वळल्या. पुन्हा बुडी, पुन्हा पाठलाग. आमच्या बोटवाल्यांनी इंजिन सुरू केलं नाही, म्हणून आमच्याच बोटीतल्या एका कुटुंबानं धक्क्यावर उतरल्यावर त्यांच्याशी वाद घालून पैसे कमी दिले. जो माणूस नीट वागला त्यालाच भुर्दंड. हे मला फार लागलं.

माझं उद्यमनगरात पंप आणि इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. पंपाला सक्शनकडून पाणी कमी पडलं की आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. दाब उतरला की पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. त्या माऱ्यानं बिडाच्या इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाला, खड्डे पडतात. असे इम्पेलर माझ्याकडं कायम येतात. बोट एकदम रेस केली की तिच्या पंख्याच्या पात्यांवर हेच घडतं. वर बसलेल्याला फक्त इंजिन ऐकू येतं, खाली या बुडबुड्यांचा कडकडाट चाललेला असतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. आणि डॉल्फिनचं सगळं आयुष्य आवाजावर चालतं. गढूळ पाण्यात मासा शोधायचा तो स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून, कळपातल्यांशी बोलायचं तेही आवाजानंच. चार बोटी गोल फिरू लागल्या तर पिल्लाला आई कशी ऐकू येणार?

आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. तो खोल समुद्रातला नव्हे. उथळ पाणी आणि खाड्यांची तोंडं हेच त्याचं घर, त्यामुळं त्रास झाला म्हणून दूर निघून जायला त्याला जागा नाही. मादीला साधारण तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेनं २०१७ साली ही जात धोक्यात असल्याचं जाहीर केलं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे आपल्या दाजीपूरच्या गव्याच्या पंगतीला. मालवणला जाताना त्याच जंगलातून आपण जातो. तिथं गवीण आणि तिचं वासरू चार जीपगाड्यांनी घेरलं, तर कोल्हापूरकर गप्प बसतील का? मग समुद्रात गेल्यावर हीच माणसं बोटवाल्याला घाई का करतात?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बोटीनं देवमाशापासून १०० मीटर आणि डॉल्फिनपासून ५० मीटर लांब राहायचं, समोरून किंवा पाठीमागून जायचं नाही, आणि जवळच्या टापूत एका वेळी तीनच बोटी. त्या टापूत वेगही इतका कमी, की मागं लाट उठता कामा नये. यात खर्चाचं काही नाही. आमच्या बोटवाल्यांनी तर कुणी न सांगता याहून चांगलं केलं.

देवमासे बघायला लोक श्रीलंकेत मिरिस्सापर्यंत जातात. पण २०१५ साली आपल्या कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह संशोधकांना दिसला होता. उद्या सिंधुदुर्गातूनही देवमाशांच्या सहली निघतील, आणि निघाल्या तर मला जायचंच आहे. डॉल्फिनला लागू केलेले नियमच तेव्हा कामाला येतील.

वनविभाग आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांना विनंती, की अंतराचा आणि बोटींच्या संख्येचा नियम मराठीत छापून प्रत्येक धक्क्यावर लावावा आणि हंगामात तिथं माणूस ठेवावा. कोल्हापुरातून सहली नेणाऱ्यांनी "डॉल्फिन हमखास दाखवू" असं सांगून पैसे घेऊ नयेत. आणि बोटीत बसणाऱ्यांनी बोटवाल्याला इंजिन बंद ठेवायला स्वतः सांगावं, आणि डॉल्फिन दिसो न दिसो, ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर