गाडी खालून ओढत नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मोटरसायकल जुनी, एक सिलिंडरची फोर-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). मोकळ्या रस्त्यावर वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) व्यवस्थित पळते, पण सुटताना क्लचवर खेळवावी लागते आणि चढावर तिसरा टाकला की बसते. वर्णन नेमकं आहे, फक्त एक गोष्ट राहिली आणि सगळं निदान तिच्यावरच अडलंय. गाडी मंद पडते ती इंजिनाचे फेरे कमी असताना, की थ्रॉटल कमी उघडलेला असताना? चालवताना दोन्ही बहुतेक एकत्रच येतात, त्यामुळे भले भले गॅरेजवालेही त्यांची गल्लत करतात. साध्या स्लाइडच्या (थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणाऱ्या पडद्याच्या) कार्बोरेटरचं कुठलं सर्किट, म्हणजे पेट्रोलचा कुठला मार्ग, काम करतंय, ते मुख्यतः थ्रॉटल किती उघडा आहे यावर ठरतं. पायलट सर्किट, म्हणजे मंद चालीचा मार्ग, बंद थ्रॉटलपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत, त्यापुढे पावपर्यंत स्लाइडच्या कापाचा जोर, पाव ते पाऊण सुई, त्यानंतर मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक). इग्निशन, व्हॉल्व्ह आणि कंप्रेशन यांचा संबंध मात्र फेऱ्यांशी.

म्हणून काहीही उघडण्याआधी थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर कागदी चिकटपट्टी लाव. पेनाने पूर्ण बंद, अष्टमांश, पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा कर. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये तीन प्रकारे चालवून बघ: कमी फेऱ्यांना थ्रॉटल अष्टमांश ते पाव, चढ्या फेऱ्यांना तेवढाच थ्रॉटल, आणि कमी फेऱ्यांना अर्धा थ्रॉटल, पण हळूहळू उघडत. अष्टमांशाच्या आसपास गाडी कुठल्याही आरपीएमला कुचंबत असेल तर पायलट सर्किट किंवा बाहेरून घुसणारी हवा. चढ्या फेऱ्यांना तोच थ्रॉटल गुळगुळीत, पण कमी फेऱ्यांना थ्रॉटल कितीही असला तरी जीव नाही, असं असेल तर कार्बोरेटरला हात लावू नकोस. एक सावधगिरी: अगदी कमी फेऱ्यांना थ्रॉटल एकदम पूर्ण पिळला तर धडधाकट गाडीही गुदमरते. व्हेंच्युरीतल्या, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातल्या, हवेचा वेग पडतो आणि जेटमधून पेट्रोल उचललं जात नाही. तो दोष धरायचा नाही.

याच फेरीत दोन फुकटच्या चाचण्या उरक. दोष दिसतोय त्याच थ्रॉटलवर गाडी स्थिर ठेवून चोक थोडा ओढ. सुधारली तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी), आणखी बिघडली तर रिच (पेट्रोल जास्त). दुसरी याच्या उलट: तशीच चालत असताना पेट्रोलचा कॉक बंद कर. बाऊलमधली (कार्बोरेटरच्या तळच्या वाटीतली) पातळी खाली जाते तसं मिश्रण लीन होत जातं. बंद पडायच्या आधी काही क्षण गाडी जोमात ओढली, तर रिच चालत होती. ही दुसरी चाचणी मागे वाहनं नसताना कर आणि कॉक पुन्हा उघडायला विसरू नकोस.

गाडीला कुणी धरून ठेवलेलं नाही ना, तेही बघून घे. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरव. दोन-तीन फेरे सहज फिरायला हवं. दहा मिनिटं चालवून ड्रम किंवा डिस्कजवळ हात ने. ब्रेक फारसा न वापरताही तो भाग चांगलाच तापला असेल तर ब्रेक घासतोय. पुढच्या स्प्रॉकेटचे दात मोज. १४ च्या जागी कुणी १५ दातांचं बसवलं असेल तर सगळे गियर सात टक्क्यांनी लांबतात आणि सुटताना गाडी नेमकी तू लिहितोस तशी वागते. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने असे उद्योग केलेले सर्रास आढळतात.

आता कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन गरम, प्लग काढलेला, प्लगची वायर अर्थ केलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज घट्ट बसवून काटा वर चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे सहा-सात वेळा किक मार. अशा छोट्या इंजिनात साधारण ९ ते १२ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) यायला हवेत. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. थ्रॉटल बंद ठेवून मोजलंस तर आकडा खोटाच कमी येईल. किकला आपोआप चालणारा डीकंप्रेसर (किक हलकी करायला दाब सोडणारी योजना) असेल तरीही तसंच. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, साधारण ५ मिली, इंजिन ऑइल सोड, दोन किका मारून ते पसरू दे आणि पुन्हा मोज. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा आणि बोअर. जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

गळतीचा त्रास खालच्या फेऱ्यांनाच का, तर वेळेमुळे. १५०० आरपीएमला पिस्टनचा एक स्ट्रोक २० मिलिसेकंदांचा असतो, ६००० ला फक्त ५. फट तेवढीच, पण हवेला निसटायला चौपट वेळ. त्यामुळे किंचित गळणारा व्हॉल्व्ह वर कळतही नाही आणि खाली गाडीचा दम काढतो.

यातलं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे घट्ट टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट जुळवणारा स्क्रू). आवाज नाही म्हणजे टॅपेट उत्तम, हा गैरसमज फार पसरलेला आहे. व्हॉल्व्हची सीट झिजत जाते तशी बऱ्याच इंजिनांत फट कमी होते, आवाजही कमी होतो आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो रात्रभर उभं असलेलं. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चुंबकी चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन टॉपवर असल्याची खूण, खाचेसमोर आण आणि दोन्ही रॉकर हाताने हलतात का बघ. हलत नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या टॉपवर आहे. आणखी एक पूर्ण फेरा दे. छोट्या इंजिनांत फट बहुधा ०.०५ ते ०.१० मिमी असते, पण मॅन्युअलचा आकडाच पाळ. फीलर गेज किंचित ओढ लागत सरकला पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोज.

टॅपेट बरोबर करूनही कंप्रेशन कमी असेल तर पिस्टन कंप्रेशनच्या टॉपवर आणून, गियर टाकून, मागचा ब्रेक धरून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा हळूहळू सोड. फुसफुस कार्बोरेटरच्या तोंडातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. मॅग्नेटच्या नटावर पाना ठेवून हे करू नकोस. क्रँक फिरला तर पाना हातावर बसतो.

हेड किंवा ब्लॉकचं काम पूर्वी झालं असेल तर कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंगही तपास. कॅमचं स्प्रॉकेट ३४ दातांचं असेल तर एका दाताची चूक म्हणजे कॅमवर साधारण साडेदहा अंश आणि क्रँकवर एकवीस. कॅम मागे पडला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी फेऱ्यांना आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि गाडी वरच तेवढी पळते. ताणलेली कॅम चेन हेच थोड्या प्रमाणात करते.

इग्निशनकडे मी कार्बोरेटरच्या आधी वळतो. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडलं की गाडी मिळमिळीत होते आणि सगळे जेट बदलत बसतात. तुझ्या गाडीला पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट होणारा स्विच) असतील तर फट ०.३ ते ०.४ मिमी. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगीही उशिरा पडते. म्हणून आधी फट, मगच टायमिंग. उलट क्रमाने केलंस तर दोन्ही चुकतील. बॅटरी इग्निशन असेल तर पॉइंटच्या टर्मिनल आणि अर्थमध्ये छोटा बल्ब जोड, चावी चालू कर आणि मॅग्नेट हाताने सावकाश फिरव. एफ खूण (ठिणगीची खूण) खाचेसमोर येते त्याच क्षणी बल्ब लागला पाहिजे.

पण बल्ब फक्त उभ्या गाडीचं सांगतो. अॅडव्हान्स, म्हणजे फेरे वाढतात तशी ठिणगी लवकर पडणं, बघायला स्ट्रोब लाइटच (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) हवा. स्लोवर (थ्रॉटल सोडलेल्या मंद चालीवर) एफ खूण खाचेसमोर, आणि फेरे वाढवताना खूण सलग सरकत ३००० ते ४००० च्या सुमारास अॅडव्हान्सच्या दोन रेघांत जाऊन थांबली पाहिजे. अॅडव्हान्स देणाऱ्या वजनांच्या पिना गंजून अडकल्या असतील तर खूण हलतच नाही, नाहीतर झटक्याने उडी मारते. स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील तर अॅडव्हान्स लवकर येतो: खालच्या फेऱ्यांना ओझं दिलं की नॉकिंग, वर सगळं सुरळीत. तुझ्या चढावरच्या तक्रारीशी हे जुळतं, म्हणून तिसऱ्यात चढताना धातूवर खडे वाजल्यासारखा आवाज येतो का, ते मुद्दाम ऐक. पॉइंटऐवजी सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असेल तर मॅग्नेटमधली सोर्स कॉइल मीटरने मोज. ती कमजोर झाली की कमी फेऱ्यांना ठिणगी दुबळी पडते आणि किकही जास्त लागतात. प्लगची टोपी काढून तिचाही रोध मोज. रोधवाल्या टोप्या बहुधा ५ किलोओहमच्या असतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर टोपी गेली. वायरचं टोक ५ मिमी कापून नवी टोपी पिळून बसव.

हे सगळं जागेवर असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी जोड बघ. थ्रॉटल कमी असताना आतला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त आणि रीतसर जाणारी हवा सगळ्यात कमी, म्हणून बारीकशी चीरही तिथेच जाणवते. ओळख सोपी: थ्रॉटल सोडल्यावर फेरे लगेच उतरत नाहीत, वरच रेंगाळतात. स्लोवर चालू ठेवून जोडाभोवती साबणाचं पाणी ब्रशने लाव. फेरे बदलले की जागा सापडली. यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे वापरतात, पण गरम सायलेन्सरच्या शेजारी मला ते पटत नाही. रबर वाकवून बघ, सरळ असताना चिरा दिसत नाहीत. फ्लॅन्जची ओ-रिंग चपटी झाली असेल तर बदलच, आणि नट जीव खाऊन आवळू नकोस. फ्लॅन्ज वाकते आणि मग कायमची हवा खाते.

आता कार्बोरेटर. मिक्स्चर स्क्रू (मंद चालीचं मिश्रण जुळवणारा) काढण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत फिरव आणि फेरे मोजून लिहून ठेव. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि छोटी ओ-रिंग येते. ती ओ-रिंग बहुतेकदा भोकातच अडकून राहते आणि तिच्यावर दुसरी बसवली जाते. टोकाला गोल वळ पडला असेल तर कुणीतरी तो दाबून आवळलेला आहे. स्क्रू नवा घ्यावा लागेल.

पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पेट्रोल वाळून जो चिकट थर होतो, तो सगळ्यात आधी तिथेच बसतो. उजेडात धरून भोक अगदी गोल दिसलं पाहिजे. पोलादी तार घालू नकोस. बारीक वायरमधला तांब्याचा एकच धागा पुरे. पण नुसता जेट साफ करून बहुतेक जण थांबतात आणि पुढचा मार्ग तसाच तुंबलेला राहतो. स्लाइडच्या कडेखाली, इंजिनाच्या बाजूला दोन-तीन सूक्ष्म बायपास भोकं असतात. थ्रॉटल किंचित उघडला की पेट्रोल त्यांतून येतं, म्हणजे तुझा दोष कमी थ्रॉटलचा असेल तर नेमका तिथेच. क्लीनरची नळी पायलट जेटच्या जागी लाव आणि प्रत्येक भोकातून वेगळी धार येते का बघ. चष्मा घाल, धार नेमकी डोळ्यात येते. कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेला हवेचा छोटा मार्गही असाच तपास.

फ्लोटची (बाऊलमधली पातळी राखणाऱ्या तरंग्याची) उंची मोजताना बॉडी तिरपी धर, जेणेकरून फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगवाल्या टोकाला फक्त टेकेल, दाबणार नाही. एक मिलिमीटरचा फरकही अष्टमांश थ्रॉटलवर जाणवतो. पातळी कमी असेल तर मिश्रण लीन.

कॉकच्या चाचणीत गाडी रिच निघाली आणि पाव थ्रॉटलवर भडभडत चालत असेल, तर सुई ज्या नळीत फिरते ती नीडल जेट लंबगोल झिजलेली असण्याची शक्यता मोठी. सुईची क्लिप खाली-वर करून हे जात नाही; सुई आणि जेट जोडीनेच बदलावे लागतात.

जोडणी झाल्यावर गाडी दहा मिनिटं चालवून गरम कर, स्लो जरा वाढवून मिक्स्चर स्क्रू पावपाव फेरा फिरवत सगळ्यात चढे फेरे कुठे मिळतात ते शोध आणि मग स्लो खाली घे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा: आत घातला की रिच. सुरुवात दीड फेऱ्यापासून. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर काढावा लागला तर पायलट सर्किट अजून तुंबलंय किंवा जेट लहान पडतोय.

कॉकचा प्रवाह, टाकीच्या झाकणाचं भोक आणि मेन जेट यांवर सध्या वेळ घालवू नकोस. ते बिघडले असते तर गाडी वरच्या आरपीएमला अडली असती, आणि तुझी तिथे व्यवस्थित पळते.

चिकटपट्टीच्या तिन्ही फेऱ्यांत काय दिसलं, कंप्रेशनचे कोरडा आणि तेलाचा असे दोन्ही आकडे, आणि स्ट्रोबखाली खूण कुठे थांबते, एवढं लिहून पाठव. जेटचे नंबर त्यानंतर बघू.

तुझा,
मित्र